साराभाईंची छत्री

आमच्या कोळगावात पावसाने जोर धरला की टीव्हीचे काही खरे नसते. मोठी सर आली की पडद्यावरचे चित्र आधी चौकोनाचौकोनांनी तुटते, मग गोठते आणि शेवटी सगळे काळे होऊन सिग्नल नसल्याची पाटी येते. घरातली मुले वैतागतात. मला अशा वेळी जुनी अँटेना आठवते. तेव्हाचे चित्र कधी पूर्ण येत नसे, पण पूर्ण जातही नसे. पडद्यावर मुंग्या असत, माणसाशेजारी त्याचीच फिकट सावली उभी असे, तरी बातम्या देणारी निवेदिका त्या मुंग्यांमधूनही ओळखू येई. आता चित्र दिसले तर काचेसारखे स्वच्छ, नाही तर काहीच नाही.

पाऊस उघडला की मी गच्चीवर जाऊन आमची डिश पुसतो. समोरच्या पाड्यावरही हेच चाललेले असते. कौलारू घर असो की पत्र्याचे, प्रत्येकावर एक वाटोळी ताटली आहे. डिश हा शब्द आमच्याकडे फारसा रुजला नाही, सगळे तिला छत्रीच म्हणतात. या सगळ्या छत्र्यांची तोंडे आग्नेयेला, आभाळातल्या एकाच भागाकडे वळलेली. छत्री पुसताना मला दर वेळी एका माणसाची आठवण होते. येत्या १२ ऑगस्टला त्याची जयंती आहे. त्याचे नाव विक्रम साराभाई.

आमचे गाव पालघरहून बोईसरला जाणाऱ्या रस्त्यावर. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला आणि पुढे जिल्ह्याचे मुख्यालय कोळगावातच उभे राहिले. बोईसरच्या पलीकडे तारापूरचे अणुवीज केंद्र. त्यामुळे होमी भाभा हे नाव आमच्या भागात लहान मुलांनाही ठाऊक असते, आणि ते योग्यच आहे. पण तारापूरची वीज प्रत्यक्ष वाहू लागली तेव्हा भाभा हयात नव्हते. अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षपदी साराभाई होते. ज्या दिवसांत तारापूरची वीज सुरू झाली, त्याच दिवसांत त्यांनी एका निराळ्याच कागदावर सही केली होती. आज आमच्या छपरांवर ज्या छत्र्या आहेत त्यांचा धागा त्या सहीपर्यंत जातो. आमच्या भागात हे फार कमी जणांना माहीत आहे, म्हणून त्यांची हकिगत सांगावीशी वाटते.

विक्रम साराभाईंचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ चा, अहमदाबादचा. वडील अंबालाल हे कॅलिको मिलचे मालक, आई सरलादेवी. आठ भावंडांचे हे कुटुंब शाहीबागेतल्या मोठ्या बंगल्यात राहत असे. मुलांना शाळेत घालण्याऐवजी आईवडिलांनी शाळाच घरी आणली. माँटेसरी पद्धत, देशी-विदेशी शिक्षक, बाग, कार्यशाळा, सगळे आवारातच. विक्रमने लहानपणी त्या कार्यशाळेत आगगाडीच्या इंजिनाची चालती प्रतिकृती तयार केली होती. घरी गांधीजी येत, रवींद्रनाथ येत.

मला या घरातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. १९१८ साली, म्हणजे विक्रमच्या जन्माच्या आदल्या वर्षी, अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. कामगारांच्या बाजूने गांधीजी उभे राहिले आणि त्यांच्याबरोबर होत्या अनसूयाबेन, म्हणजे अंबालाल यांची सख्खी बहीण. समोर मालकांच्या बाजूला अंबालाल. भाऊ-बहीण एका लढ्यात समोरासमोर होते, पण घर तुटले नाही. पैसा आपल्याकडे असला तरी समोरच्याचे म्हणणे ऐकून घ्यायचे असते, हे या घरात पाहून शिकता येत होते. पुढे साराभाईंनी ज्या संस्था उभ्या केल्या, त्यांत तज्ज्ञाइतकेच महत्त्व ज्याच्यासाठी काम करायचे त्या माणसाला दिलेले दिसते. त्याचे मूळ मला याच घरात दिसते.

शिक्षणासाठी विक्रम केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले. १९४० मध्ये तिथली पदवी मिळाली, पण युद्ध सुरू झाले होते, त्यामुळे ते परत आले आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली विश्वकिरणांचा अभ्यास करू लागले. होमी भाभाही त्या वेळी तिथेच होते. आमच्या तारापूरशी पुढे ज्यांचा संबंध आला ती दोन माणसे अशी एका आवारात आकाशातून येणारे किरण मोजत होती. १९४२ मध्ये विक्रम यांचा विवाह नर्तिका मृणालिनी स्वामिनाथन यांच्याशी झाला. आझाद हिंद सेनेच्या कॅप्टन लक्ष्मी या मृणालिनींच्या भगिनी. युद्ध संपल्यावर विक्रम पुन्हा केंब्रिजला गेले आणि १९४७ मध्ये डॉक्टरेट घेऊन परतले.

त्याच वर्षी, ११ नोव्हेंबर १९४७ रोजी, अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली. विक्रम तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. एका विज्ञान महाविद्यालयाच्या थोड्याशा जागेत तिचा संसार सुरू झाला. पुण्याच्या हवामान खात्यातून निवृत्त झालेले के. आर. रामनाथन यांना त्यांनी पहिले संचालक म्हणून बोलावून घेतले. वयाने आणि अनुभवाने मोठ्या माणसाला वरच्या खुर्चीत बसवून आपण शेजारी काम करायचे, हे तरुण आणि श्रीमंत माणसाला सहसा जमत नाही. याच सुमारास कापड उद्योगाची संशोधन संस्था अटिरा उभी राहिली. १९६१ मध्ये अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था सुरू झाली आणि १९६५ पर्यंत तिचे मानद संचालकपद त्यांनी सांभाळले. शिवाय घरचे कारखाने होतेच. एका माणसाने किती गाड्या ओढायच्या, असा प्रश्न त्यांचे चरित्र वाचताना पडतो. त्याची किंमत त्यांनी पुढे मोजली.

१९६२ मध्ये अवकाश संशोधनासाठी राष्ट्रीय समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्षपद साराभाईंकडे आले. रॉकेट सोडण्यासाठी चुंबकीय विषुववृत्ताजवळची जागा हवी होती. शोध घेता घेता त्रिवेंद्रमजवळचे थुंबा हे मच्छीमारांचे गाव नक्की झाले. या शोधात साराभाईंच्या बरोबर होते आपल्या कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस. गावात सेंट मेरी मॅग्डालेनचे जुने चर्च होते. तिथल्या बिशपनी गावकऱ्यांना विचारून चर्चची वास्तू प्रयोगशाळेसाठी दिली. रॉकेटचे भाग सायकलवरून नेत असल्याची जी जुनी छायाचित्रे आपण पाहतो, ती इथलीच. २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी तिथून पहिले रॉकेट उडाले. रॉकेट अमेरिकेचे होते, त्यातले उपकरण फ्रान्सचे आणि जमीन आपली.

गरीब देशाने रॉकेटे उडवावीत का, हा प्रश्न तेव्हाही विचारला जाई. साराभाईंचे उत्तर होते की चंद्रावर जाण्याच्या शर्यतीत आपल्याला उतरायचे नाही. आपल्या शेतकऱ्याला, शाळेला, दवाखान्याला ज्या तंत्राचा उपयोग होईल त्यात मात्र आपण कुणाच्याही मागे राहता कामा नये. अनेकांना हे भाषणातले वाक्य वाटले असेल. त्यांनी मात्र त्याचा हिशेब मांडला, आणि तो हिशेब टीव्हीचा होता.

त्या वेळची स्थिती पाहावी. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला दूरचित्रवाणीचे प्रायोगिक केंद्र सुरू झाले होते आणि पुढची तेरा वर्षे देशातले ते एकमेव केंद्र राहिले. सरळ मार्ग असा होता की आधी मोठ्या शहरांत मनोरे उभारायचे, मग मध्यम शहरांत, आणि पैसे उरतील तसे पुढे सरकायचे. बँकेत अधिकारी असताना मी असे कितीतरी विस्ताराचे आराखडे पाहिले. त्यांत शेवटच्या गावाचा क्रमांक नेहमी पुढच्या टप्प्यात असतो आणि तो टप्पा कागदावरच राहतो.

मनोऱ्याचे गणितच तसे असते. त्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी वाटोळी आहे, त्यामुळे काही अंतरानंतर जमीनच आड येते. वरळीचा दूरदर्शनचा मनोरा सुमारे ३०० मीटर उंच. अशा मनोऱ्याची नजर सत्तर-ऐंशी किलोमीटरवर संपते, आणि कोळगाव तिथून सरळ रेषेत जेमतेम तेवढ्याच अंतरावर आहे. म्हणजे आम्ही बरोबर कडेवर. दादर-परळला चित्र स्वच्छ दिसे आणि आमच्याकडे मुंग्या, याचे कारण हे. आमच्या घरी वीस फुटी लोखंडी नळावर अँटेना होती. एकाने गच्चीवर नळ फिरवायचा आणि दुसऱ्याने खालून ओरडून सांगायचे, हा त्या काळी घराघरांतला कार्यक्रम होता. आमच्या मागे जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत तर तेवढेही पोचण्याची शक्यता नव्हती.

उपग्रहाला हा भेद नसतो. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर तो ठेवला की पृथ्वीच्या फिरण्याबरोबर तोही फिरतो, म्हणून खालून तो एका जागी स्थिर दिसतो. त्याच्यासाठी दिल्ली जवळ आणि मोखाडा लांब असे काही नसते. आधी शहर आणि मग खेडे हा क्रम उलटा करण्याची संधी साराभाईंना यात दिसली. ज्या गावाला रस्ता नाही, शाळेत एकच मास्तर आहे, तिथे टीव्ही आधी पोचवायचा. शहरांना करमणुकीची इतर साधने आहेत, ती थांबू शकतात.

या विचाराची पहिली परीक्षा त्यांनी दिल्लीच्याच मनोऱ्यावर घेतली. २६ जानेवारी १९६७ ला कृषिदर्शन सुरू झाले. दिल्लीभोवतीच्या ८० गावांत सार्वजनिक संच बसवले गेले आणि शेतकरी एकत्र बसून ते पाहू लागले. आपल्याकडे पुढे आमची माती आमची माणसं हा कार्यक्रम आला, तोही याच वाटेवरचा.

दरम्यान २४ जानेवारी १९६६ ला होमी भाभांचे विमान माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले. त्याच वर्षी अणुऊर्जा आयोगाची धुरा साराभाईंवर आली. तारापूरचे बांधकाम तेव्हा सुरू होते. अवकाशाचे काम अहमदाबाद आणि थुंब्याला, अणुऊर्जेचे मुंबईला, सरकार दिल्लीला. ते सतत विमानात असत आणि रात्री उशिरापर्यंत बैठका घेत.

१९६९ चे ते दिवस मी तारखांनी लावून पाहिले आहेत. १२ ऑगस्टला त्यांना पन्नास वर्षे पूर्ण झाली. १५ ऑगस्टला भारतीय अवकाश संशोधन संस्था, म्हणजे इस्रो, स्थापन झाली. १८ सप्टेंबरला त्यांनी अमेरिकेच्या नासाशी करार केला. आपला उपग्रह अमेरिकेने भारताला वर्षभर वापरायला द्यायचा आणि त्यावरून भारताने स्वतःचे कार्यक्रम थेट खेड्यांत दाखवायचे, असा तो करार. आणि २८ ऑक्टोबरला तारापूरच्या केंद्रातून व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. हे सगळे अडीच महिन्यांत झाले. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. तारापूरला काहीतरी मोठे झाले एवढेच आम्हा मुलांना कळले. दुसरी सही आमच्यापर्यंत पोचायला पुढे बरीच वर्षे लागली.

आभाळातून चित्र यायचे म्हटले की सरहद्दीचा प्रश्न येतोच. मनोऱ्याच्या लहरीसुद्धा सीमा मानत नाहीत. लाहोरला १९६४ मध्ये टीव्ही सुरू झाला आणि अमृतसरच्या घरांत तो दिसू लागला. १९७३ मध्ये अमृतसरला आपले केंद्र निघाले, त्यामागे हेही कारण होते. आमच्या किनाऱ्यावर तर समुद्रच खोड्या करी. एप्रिल-मे महिन्यांत समुद्रालगत गार, दमट हवा असते आणि तिच्यावर गरम, कोरडी हवा पसरते. या दोन थरांमध्ये लहरी कोंडल्या जातात आणि एरवी जमिनीच्या वळणापाशी संपणारे चित्र पाण्यावरून शेकडो किलोमीटर येते. अशा एका रात्री आमच्या पडद्यावर दूरदर्शनऐवजी उर्दू अक्षरे उमटली. एक बाई काहीतरी सांगत होत्या, आवाज येत नव्हता. पाच-दहा मिनिटांत सगळे विरून गेले. वडील बराच वेळ रिकाम्या पडद्याकडे पाहत बसले होते.

एका मनोऱ्याची ही तऱ्हा, तर उपग्रहाचे काय होईल, ही चिंता जगभर होती. बड्या देशांनी आपले कार्यक्रम गरीब देशांच्या छपरांवर ओतले तर काय करायचे? व्हिएन्नात १९६८ मध्ये अवकाशाच्या शांततामय उपयोगावर संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. साराभाई तिचे उपाध्यक्ष आणि वैज्ञानिक अध्यक्ष होते. पुढे १९७२ मध्ये उपग्रहावरून थेट प्रक्षेपणाचे नियम ठरवावेत असा ठराव संयुक्त राष्ट्रांत आला तेव्हा १०२ देशांनी बाजूने मत दिले आणि विरोधात एकटी अमेरिका होती. नासाशी केलेला करार या पार्श्वभूमीवर वाचला म्हणजे साराभाईंचे शहाणपण कळते. उपग्रह अमेरिकेचा घेतला, पण जमिनीवरचे केंद्र, गावातले संच आणि पडद्यावरचा प्रत्येक कार्यक्रम भारताचा राहील हे त्यात पक्के होते. बाहेरचे चित्र अडवत बसण्यापेक्षा आपल्या माणसासाठी आपले चित्र आधी तयार ठेवायचे, हा त्यांचा मार्ग होता.

ते चित्र पाहायला मात्र ते राहिले नाहीत. डिसेंबर १९७१ च्या अखेरीस ते थुंब्याच्या कामासाठी केरळात गेले होते. ३० डिसेंबरच्या सकाळी कोवळमच्या मुक्कामी ते अंथरुणात मृत आढळले. वय अवघे बावन्न. तेव्हा देशात टीव्ही फक्त दिल्लीत होता. मुंबईचे केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ ला. जुन्नर तालुक्यातल्या आर्वीच्या उपग्रह केंद्राला पुढे विक्रम हे त्यांचे नाव मिळाले.

काम थांबले नाही. ३० मे १९७४ ला अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह उडाला. त्याच्यावर सुमारे तीस फूट व्यासाची जाळीदार अँटेना होती, आणि आकाशात गेल्यावर ती खरोखरच छत्रीसारखी उघडली. वरची छत्री मोठी म्हणून खालची लहान चालणार होती. तरी खालचीही दहा फुटांची होती, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची. १ ऑगस्ट १९७५ पासून आंध्र, कर्नाटक, ओरिसा, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत कार्यक्रम दिसू लागले. सकाळी दीड तास शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी. भाषा चार: हिंदी, तेलुगू, कन्नड आणि ओरिया. प्रयोगाचे व्यवस्थापक होते तेच चिटणीस. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या पीज गावी एक लहान प्रक्षेपक उभा राहिला आणि तिथल्या लोकांना घेऊन तिथल्याच बोलीत कार्यक्रम केले गेले.

या प्रयोगातही चित्राने सरहद्द ओलांडलीच. उपग्रहावरून दळणवळणाची कल्पना १९४५ मध्ये मांडणारे लेखक आर्थर क्लार्क कोलंबोत राहत. इस्रोच्या अभियंत्यांनी त्यांच्या घरी एक डिश बसवून दिली आणि भारतीय खेड्यांसाठीचे कार्यक्रम ते श्रीलंकेत बसून पाहत.

करार वर्षाचा होता. ३१ जुलै १९७६ ला प्रयोग संपला आणि उपग्रह परत अमेरिकेकडे सरकवण्यात आला. पुस्तकात ही एका ओळीची नोंद असते. मला तिचा अर्थ दहा वर्षांनी कळला. १९८६ मध्ये माझी बदली तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या रायपूर जिल्ह्यात एका खेड्यातल्या शाखेत झाली. पीककर्जाच्या पाहणीसाठी एका गावात गेलो असताना शेळ्यांच्या गोठ्याभोवती गंजलेली जाळी दिसली. तिचा आकार चमत्कारिक होता, मध्ये खोलगट. चौकशी केली तेव्हा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने सांगितले की ही टीव्हीची जाळी. एक वर्ष गावात टीव्ही होता, सुरुवातीला पाय ठेवायला जागा नसे, मग गर्दी कमी झाली, पण पोरे मात्र रोज सकाळी शाळेत वेळेवर येत. मग एक दिवस काहीच दिसेना. संच बिघडला असे वाटून गावकरी कितीतरी दिवस दुरुस्तीवाल्याची वाट पाहत राहिले. उपग्रहच दुसरीकडे गेला हे त्यांना कुणी नीट समजावले नव्हते. कर्जाच्या कागदांवर सही घेऊन मी परतलो, पण तो गोठा डोळ्यांसमोरून गेला नाही. साराभाई हयात असते तर ही वेळ आली नसती, असे मी म्हणणार नाही. पण प्रयोग संपतो तेव्हा कागदावर यश मांडले जाते आणि गावात एक संच मुका होतो, हे त्या दिवशी मला कळले.

पुढचा इतिहास बहुतेकांच्या घरात घडलेला आहे. १९८२ मध्ये आशियाई खेळांच्या निमित्ताने रंग आले. त्या वर्षी सोडलेला इन्सॅट-१ए काही महिन्यांतच निकामी झाला, पण १९८३ चा इन्सॅट-१बी उत्तम चालला आणि गावोगाव लहान प्रक्षेपक उभे राहिले. १९९१ मध्ये आखाती युद्ध आणि पाठोपाठ स्टार टीव्ही आला. ज्याची चिंता १९६८ मध्ये व्हिएन्नात होती ते परदेशी चित्र आता केबलवाल्याच्या तारेने बोईसरच्या चाळींत आले, आणि कुणी तक्रार केली नाही. २ ऑक्टोबर १९९२ ला झी सुरू झाला. उलट दिशेनेही तेच झाले. भारतीय डबे पाकिस्तानात चोरवाटेने जात आणि तिथले सरकार ते जप्त करी. आमच्या पडद्यावर एका रात्री समुद्रावरून आलेल्या त्या बाईंची ही जणू परतभेट होती.

मग डिजिटलची पाळी आली. जुन्या पद्धतीत चित्र लहरींच्या चढउतारांतच असे, म्हणून लहर अशक्त झाली की चित्र फिकटे. नव्या पद्धतीत चित्राचे आकडे होतात. आकडे नीट आले तर चित्र पूर्ण उभे राहते आणि एका मर्यादेखाली गेले तर काहीच उरत नाही. एका वाहिनीच्या जागेत अनेक वाहिन्या मावतात, हा तिचा मोठा लाभ. मुंबईत जुने केबल प्रक्षेपण बंद करण्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ होती, आणि ग्रामीण भागासाठी ती शेवटी ३१ मार्च २०१७ ठरली. मनोऱ्यांवरचे ॲनालॉग प्रक्षेपकही दूरदर्शनने २०२२ पर्यंत मोक्याची काही ठिकाणे सोडून बंद केले. आमच्या गच्चीवरचा नळ भंगारात गेला आणि छत्री आली. पावसाच्या थेंबांत या बारीक लहरी शोषल्या जातात, म्हणून जुलैत पडदा काळा होतो.

एवढ्या वाहिन्या आल्यावर साराभाईंचे स्वप्न पुरे झाले म्हणावे का? याचे उत्तर मला २०२० च्या पावसाळ्यात समोरच्या पाड्यावर मिळाले. शाळा बंद होत्या. धडे मोबाइलवर येत, आणि तिथल्या एका घरात एकच मोबाइल होता, तो वडील सकाळी तारापूरच्या कारखान्यात घेऊन जात. त्या घरातली मुलगी चौथीत होती. जुलैत सह्याद्री वाहिनीवर शाळकरी मुलांसाठी टिलीमिली ही मालिका सुरू झाली. आमच्या घरात महिन्याला पैसे भरून घेतलेल्या तीनशे वाहिन्यांत सह्याद्री शोधायला मला बराच वेळ लागला. तिच्या पत्र्यावर दूरदर्शनची फुकटची छत्री होती, तिला महिन्याचे रिचार्ज लागत नाही. तिच्याकडे सह्याद्री पहिल्या झटक्यात लागली. ती वही घेऊन पडद्यासमोर बसायची. वीज गेली की धडा बुडायचा, मग दुसऱ्या दिवशी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून ती मला बुडालेले विचारायची. मला गणित जमले, परिसर अभ्यासात मी तिच्याइतकाच कच्चा निघालो.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी सकाळच्या दीड तासात रायपूरच्या त्या गावातली पोरे हेच करत होती. तेव्हा उपग्रह उसना होता, आता आपला आहे. साराभाईंनी जे मागितले होते ते तंत्राच्या बाजूने पूर्ण मिळाले, किंबहुना त्यांनी मागितले त्याहून जास्त मिळाले. उणे आहे ते दुसऱ्या बाजूला. ती मुलगी घरात वारली बोलते. तीनशे वाहिन्यांत तिच्या बोलीतली एकही मला सापडली नाही. पीजच्या लहानशा प्रक्षेपकाने १९७५ मध्ये गावकऱ्यांच्या बोलीत कार्यक्रम करून दाखवले होते. तेव्हा जागा एका वाहिनीची होती आणि खर्चाला पैसे नव्हते. आज जागा शेकडो वाहिन्यांची आहे.

बँकेत वर्षाअखेरीस ताळेबंद जुळवताना एक सवय लागते. जमेची बाजू कितीही मोठी असली तरी आधी येणे बाकी पाहायची. साराभाईंच्या खात्यावर आपल्याकडून अशी एक बाकी आहे, आणि ती फेडायला नवा उपग्रह लागत नाही. जव्हार-मोखाड्यातल्या मुलांसाठी त्यांच्या बोलीत रोज अर्ध्या तासाचा कार्यक्रम करणारी चार माणसे लागतील, आणि तो दाखवायला एक वाहिनी.

ती मुलगी आता नववीत आहे. तिच्या घरावरची छत्री गेल्या वाऱ्यात वाकली होती, ती तिने स्वतः चढून सरळ केली. दिशा कशी ठरवलीस असे मी विचारले, तेव्हा तिने आमच्या गच्चीकडे बोट दाखवले. आमची छत्री पाहून तिने आपली वळवली होती.